ऑर्गन तरी कुठे ख्रिस्ती होता?

चर्चमध्ये मृदंग वाजला की दोन बाजूंनी हरकत येते. पहिली आतून. हे देवळातले वाद्य, ही देवळातली चाल, पवित्र शास्त्राप्रमाणे चालणाऱ्या मंडळीला हे शोभत नाही, असे काही विश्वासणारे म्हणतात. दुसरी बाहेरून. ओवी आमची, अभंग आमचा, कीर्तन आमचे. ते उचलून येशूच्या नावाने गायचे ही धर्मांतराची जुनी युक्ती आहे, असे काही हिंदू बांधव म्हणतात. एकाला भीती की चर्च हिंदू होईल, दुसऱ्याला भीती की हिंदू चर्चमध्ये जाईल. ही दोन माणसे एका व्यासपीठावर कधी बसणार नाहीत, बसलीच तर भांडतील. पण दोघांनी धरलेले गृहीत एकच आहे: ख्रिस्ती धर्माचे खरे, निर्भेळ रूप पाश्चात्त्य आहे आणि मराठी रूप त्यावर मागाहून चढवलेले आहे. ते काढून टाका, असे दोघेही म्हणतात. एक म्हणतो ते बाटलेले आहे म्हणून, दुसरा म्हणतो ते चोरलेले आहे म्हणून.

हे गृहीत शास्त्राला धरून नाही आणि इतिहासालाही धरून नाही, हे मला दाखवायचे आहे. पण खंडनाआधी पूर्वपक्ष नीट मांडायचा ही आपल्याकडची शिस्त. 1831 साली मुंबईत मोरभट दांडेकरांनी मिशनरी जॉन विल्सन यांच्याशी वाद केला, 1857 मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांना प्रश्न विचारत होते, तेव्हा दोन्ही पक्ष निदान समोरच्याचे ग्रंथ उघडून बोलत. आता ग्रंथ कोणी उघडत नाही, व्हिडिओ पुढे पाठवतात.

आतल्या हरकतीला शास्त्राचा आधार आहे आणि तो हलका नाही. जुन्या करारातल्या अनुवाद ग्रंथाच्या 12 व्या अध्यायात इस्राएलला सांगितले आहे की ही राष्ट्रे आपल्या देवांची सेवा कशी करत होती याची चौकशी करू नका आणि तसे करू नका. 2 राजे 18 मध्ये हिज्कीया राजा उच्च स्थाने पाडतो, स्तंभ फोडतो आणि मोशेने केलेला पितळी सर्पही फोडून टाकतो, कारण लोक त्याला धूप जाळू लागले होते. ज्या राजाची शास्त्राने इतकी वाखाणणी केली त्याने मोशेच्या हातची वस्तूसुद्धा ठेवली नाही, मग तुम्ही मृदंगाचे काय घेऊन बसलात? असा हा युक्तिवाद. तो ऐकताना पटतो. म्हणूनच तो नीट उकलून पाहिला पाहिजे.

अनुवाद 12 मधली आज्ञा अर्धवट वाचली जाते. तिच्यापुढच्याच वचनात कारण दिले आहे: ती राष्ट्रे आपल्या देवांसाठी स्वतःच्या मुलामुलींना अग्नीत जाळतात. देवाला ज्या गोष्टींचा तिटकारा आहे त्यांतली जी नाव घेऊन सांगितली ती ही आहे. ताल, चाल, वाद्य, छंद यांचा तिथे उल्लेख नाही.

पितळी सर्पाचे उदाहरण तर पूर्वपक्षाच्या विरुद्धच जाते. तो सर्प कुठल्या परक्या देवळातून आला नव्हता. गणना 21 प्रमाणे तो खुद्द देवाच्या आज्ञेने मोशेने केला होता. मूळ पाहून निवाडा करायचा तर इस्राएलात त्याच्याइतकी शुद्ध वस्तू दुसरी नव्हती. तरी ती फोडली गेली. म्हणजे हिज्कीयाने मूळ पाहिलेच नाही, त्याने उपयोग पाहिला. आता याच राजांच्या ग्रंथात थोडे मागे जाऊन शलमोनाचे मंदिर पाहा. लाकूड लबानोनचे, सोरचा राजा हिराम याने पाठवलेले. पितळेचे सगळे काम करणारा कारागीर सोरचा, आई इस्राएली आणि बाप परका. मंदिराची द्वारमंडप, सभागृह आणि परमपवित्रस्थान अशी तीन भागांची रचना उत्तर सीरियातल्या ऐन दारा इथल्या मंदिराशी इतकी जुळते की बायबलच्या पुरातत्त्वावरच्या पुस्तकांत दोन्ही आराखडे शेजारी छापतात. ऐन दाराचे मंदिर यहोवाचे नव्हते. परक्या कारागिराने परक्या घाटात बांधलेल्या मंदिरात देवाचे तेज उतरले आणि मोशेने घडवलेला सर्प फुटला. या दोन गोष्टी एकाच ग्रंथात आहेत, आणि ज्याला मृदंग हटवायचा आहे त्याने दोन्ही वाचायला हव्यात.

असे आणखीही आहे. स्तोत्रसंहितेतले 29 वे स्तोत्र घ्या. मेघगर्जना, महापुरांवरचे राज्य, लबानोनचे मोडणारे गंधसरू. 1928 नंतर सीरियाच्या किनाऱ्यावर रास शाम्रा इथे उगारितच्या मातीच्या पाट्या सापडू लागल्या आणि त्यांत बआल देवाची जी गीते मिळाली त्यांची धाटणी या स्तोत्राच्या इतकी जवळची निघाली की बआलसाठी गायले जाणारे गीतच इस्राएलाने यहोवासाठी घेतले असावे, असे मत अनेक अभ्यासकांनी मांडले. सर्वांना ते मान्य नाही, पण जवळीक कोणी नाकारत नाही. नीतिसूत्रांबद्दल तर फारसा वादही उरलेला नाही. इजिप्तमधल्या आमेनेमोपे नावाच्या लेखनिकाची उपदेशवचने 1923 मध्ये छापून आली, आणि पुढच्याच वर्षी आडोल्फ एर्मान या जर्मन पंडिताने दाखवून दिले की नीतिसूत्रे 22 च्या मध्यापासून पुढचा भाग त्यांच्याशी अनेक ठिकाणी जवळून जुळतो. गरिबाला लुबाडू नकोस, शेताची जुनी खूण सरकवू नकोस, हे शब्द आपण रविवारी देवाचे वचन म्हणून वाचतो, आणि त्यांचे भावंड नाईलच्या काठी दुसऱ्या देवांच्या नावाने लिहिले गेले होते. याने माझ्या विश्वासाला तडा जात नाही. ज्याचा विश्वास केवळ उगमाच्या शुद्धतेवर उभा आहे त्याच्या विश्वासाला मात्र जाऊ शकतो.

आणि पौल. प्रेषितांची कृत्ये 17 मध्ये तो अथेन्सला अरीयपगावर उभा राहून ग्रीकांना देवाबद्दल सांगतो तेव्हा मोशेचे किंवा यशयाचे वचन देत नाही, ग्रीक कवींचे देतो. आपण सारे देवाचा वंश आहोत या अर्थाची जी ओळ तो घेतो ती आराटस नावाच्या कवीच्या ग्रहताऱ्यांवरील काव्यातली आहे, आणि त्या काव्याचा आरंभ झ्यूस देवाच्या स्तवनाने होतो. म्हणजे झ्यूसबद्दलची ओळ पौलाने येशूच्या पित्याला लावली. आराटस सोळी गावचा, पौल तार्ससचा. दोन्ही गावे किलिकिया प्रांतातली. पौल आपल्या मुलखातल्या कवीचा आधार घेत होता. हे पवित्र शास्त्रात आहे आणि पवित्र आत्म्याने ते तिथे राहू दिले आहे. मग मराठी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी तुकारामांचा आधार घेतला तर तो दोष कसा?

आता वाद्यांकडे वळू, कारण खरे भांडण तिथेच असते. मृदंग नको म्हणणाऱ्यांच्या चर्चमध्ये एका कोपऱ्यात ऑर्गन असतो, नाहीतर त्याचा वारस असलेला की-बोर्ड. तो कोणाला खटकत नाही. पण ऑर्गन तरी कुठे ख्रिस्ती होता? ख्रिस्तापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबियस नावाच्या यंत्रकाराने पाण्याच्या दाबावर चालणारा पहिला ऑर्गन केला. रोमन काळात तो वाजला तो आखाड्यात, ग्लॅडिएटर एकमेकांना मारत असताना; तशी चित्रे त्या काळच्या फरशांवर आजही पाहायला मिळतात. ज्या प्रकारच्या रिंगणात ख्रिस्ती हुतात्मे श्वापदांपुढे टाकले गेले, त्याच रिंगणातले हे वाद्य. आरंभीचे ख्रिस्ती आचार्य वाद्यांकडे संशयाने पाहत, आणि पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आजही बहुतेक ठिकाणी नुसत्या कंठानेच गातात. पश्चिम युरोपात ऑर्गन परतला तो 757 मध्ये, बायझंटाइन सम्राटाने फ्रँक राजा पेपिनला पाठवलेली दरबारी भेट म्हणून. चर्चमध्ये तो रुळायला पुढे आणखी काही शतके गेली.

प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेच्या काळात तो पुन्हा बाहेर काढला गेला. झुरिकमध्ये 1527 साली ऑर्गन मोडून टाकला. स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन मंडळ्यांत तर तीन शतके वाद्याला मनाई होती. ज्या जॉन विल्सनशी मोरभट वाद घालत होते तो ज्या फ्री चर्चमध्ये पुढे सामील झाला, त्या चर्चने उपासनेत वाद्य वाजवायला परवानगी दिली ती 1883 मध्ये, विल्सन वारल्यानंतर आठ वर्षांनी. म्हणजे आपल्याकडे शुभवर्तमान घेऊन आलेल्या या स्कॉटिश धर्मोपदेशकाच्या चर्चला ऑर्गन तितकाच अशास्त्रीय वाटत होता जितका आज काहींना मृदंग वाटतो. आणि त्यांच्याकडेही वचने तयार होती.

चालींचेही तेच. गुड फ्रायडेला जगभर ज्या करुण चालीवर काट्यांच्या मुकुटाचे गीत गातात ती चाल हान्स लिओ हास्लरने 1601 मध्ये एका प्रेमगीतासाठी बांधली होती. एका मुलीने मन कसे गोंधळवून टाकले त्याचे ते गाणे. बाखने ती चाल मत्तयकृत शुभवर्तमानावरच्या आपल्या संगीतरचनेत पुन्हापुन्हा वापरली आणि आता ती ऐकताना कोणाला ती मुलगी आठवत नाही.

एक गंमत जाता जाता. आपले कीर्तनकार जी पेटी घेऊन बसतात ती फ्रान्समधली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँने तिचे पेटंट घेतले, मिशनऱ्यांबरोबर आणि व्यापाऱ्यांबरोबर ती इथे आली, आणि परदेशी म्हणून आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत तिच्यावर बंदी घातली होती. आज वारकरी फडावर पेटी परकी आहे असे कोणी म्हणत नाही, आणि म्हणूही नये.

एवढे आतल्या हरकतीसाठी. बाहेरची हरकत अधिक अवघड आहे, कारण तिच्यामागे खरी जखम आहे. ती झाकून युक्तिवाद करणे अप्रामाणिकपणाचे होईल.

थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडात जन्मलेला जेझुइट 24 ऑक्टोबर 1579 ला गोव्यात उतरला. त्याआधी बारा वर्षे, 1567 मध्ये, साष्टीतली देवळे पोर्तुगीज सत्तेने पाडली होती. इन्क्विझिशन 1560 पासून चालू होते. 1583 मध्ये साष्टीतल्याच कुंकळ्ळीला गावकऱ्यांनी पाच जेझुइट मारले तेव्हा त्यांचे देह ताब्यात घेणाऱ्यांत स्टीफन्स होता. हीच ती साष्टी, आणि याच साष्टीत राचोलला 1616 साली त्याचे ख्रिस्तपुराण छापले गेले: रोमन लिपीत, मराठी ओवीत, सुमारे अकरा हजार ओव्या. त्या ग्रंथातच एक नवख्रिस्ती माणूस पाद्रीला विचारतो की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरी का करून देत नाही? हा प्रश्न स्टीफन्सने लपवला नाही, ग्रंथाच्या दारातच ठेवला. आधी पोथी हिसकावली आणि मग नवी दिली, हा आरोप बाहेरच्यांनी रचलेला नाही, तो ग्रंथाच्याच पोटात आहे. जेझुइटांनी रोमन लिपीत उतरवून घेतलेल्या रामायण-महाभारताच्या कथांच्या पोथ्या आज पोर्तुगालमधल्या ब्रागाच्या ग्रंथालयात आहेत, हेही त्याच कहाणीतले. लोकांना जे वाचायला बंदी, ते त्यांनी अभ्यासासाठी जपून ठेवले. ख्रिस्ती माणसाने हे वाचताना मान खाली घालावी.

पण यावरून ‘ओवी ही युक्ती होती’ हे सिद्ध होत नाही. आधी तो ग्रंथ कोणासाठी होता ते पाहा. ख्रिस्तपुराण हे बाप्तिस्मा झालेल्यांसाठी होते, चर्चमध्ये गाण्यासाठी. ज्याला आत आणायचे आहे त्याच्या दारी ते गेले नाही. दुसरे, ज्या राजसत्तेच्या छायेत ते लिहिले गेले ती सत्ताच पुढे त्याच्या भाषेवर उलटली. संभाजीराजांच्या गोव्यावरील स्वारीला वर्ष होण्याच्या आत, जून 1684 मध्ये, व्हाइसरॉय काउंट ऑफ आल्व्होरने फर्मान काढले की स्थानिकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. 1649 आणि 1654 मध्ये ख्रिस्तपुराणाच्या पुढच्या आवृत्त्या निघाल्या होत्या. त्यानंतर कितीतरी काळ एकही नाही, आणि त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज सापडत नाही. हस्तलिखिते उरली ती मंगळुरात गेलेल्या कुटुंबांकडे. त्यांच्यावरून जोसेफ सालढाणांनी 1907 साली ग्रंथ पुन्हा छापला. साम्राज्याची युक्ती असती तर साम्राज्याने ती जपली असती.

आणि 1736. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये इन्क्विझिशनने गोव्यातल्या ख्रिस्ती लोकांसाठी बंद्यांची लांबलचक यादी काढली. अ. का. प्रियोळकरांच्या गोवा इन्क्विझिशनवरच्या 1961 च्या इंग्रजी ग्रंथात ती वाचायला मिळते. लग्नात नवऱ्या-नवरीला हळद आणि तेल लावायचे नाही. विड्याची पाने-सुपारी पाठवायची नाही. अंगणात तुळस लावायची नाही. पुरुषांनी धोतर नेसायचे नाही, बायकांनी चोळी घालायची नाही. आणि लग्नात ओव्या गायच्या नाहीत. ख्रिस्ती उपासनेतून मराठीपण काढा म्हणणारे बंधू-भगिनी आपण सुधारलेल्या, शास्त्राधारित मार्गाने चाललो आहोत असे समजतात. त्यांनी ही यादी एकदा वाचावी. त्यांच्या मागणीचा सर्वात काटेकोर मसुदा तिथे आधीच तयार आहे. आणि तो फसलाही आहे. गोव्याच्या कॅथलिक घरांत लग्नाआधी नारळाचा रस लावताना बाया अजून गातात, आणि जुन्या पोर्तुगीज मुलखातल्याच वसई-मुंबईकडच्या ईस्ट इंडियन लग्नात उंबराचं पाणी आणायला अजून वाजतगाजत जातात. एवढ्या दंडाच्या भीतीनंतरही जे टिकले ते वरून चढवलेले नव्हते.

ओवी ‘आमची’ म्हणणाऱ्यांना एक प्रश्न. जैन कवींनी आपली पुराणे मराठी ओवीत लिहिली. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ओवीत योगसंग्राम लिहिला. महानुभावांनी ओवी वापरली, वारकऱ्यांनी वापरली, आणि या सगळ्यांच्या आधी जात्यावरच्या बायकांनी वापरली. त्यांपैकी कोणावर चोरीचा आळ नाही. मग फक्त चर्चमधली ओवी चोरीची कशी? उत्तर ‘गोव्यातला जुलूम’ असेल तर मला ते समजते, पण मग जुलमाचा निषेध करा, ओवीचा नको. आणि उत्तर ‘ख्रिस्ती माणूस मराठी असूच शकत नाही’ असे असेल, तर तो वाद उपासनेचा उरत नाही. 93 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली तेव्हा काहींनी विरोध केला तो या दुसऱ्या उत्तरातून. जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादला संमेलन झाले आणि अध्यक्ष तेच होते. वसईची शेती आणि पाणी वाचवण्यासाठी आयुष्यभर झटलेल्या, बायबल सोप्या मराठीत आणणाऱ्या माणसाने अजून काय केले म्हणजे तो मराठी ठरेल, हे त्या विरोधकांनी सांगितले नाही.

युक्तीचा आरोप सर्वात जास्त होतो तो टिळकांवर, आणि सर्वात कमी टिकतो तो तिथेच. नारायण वामन टिळक, कोकणातल्या करजगावचे, 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि मग अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये आयुष्याची वीसेक वर्षे. त्यांच्या आधीही नगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन आणि पदे रचली होती. टिळकांनी त्याला कवीची ताकद दिली. अभंगांजली लिहिली, ख्रिस्तायन ओवीत लिहायला घेतले. ते अपुरे राहिले आणि लक्ष्मीबाईंनी पुरे केले. टिळकांची गीते आज कुठे आहेत? उपासना संगीतात, म्हणजे मराठी प्रॉटेस्टंट मंडळीच्या बाकांवर, दर रविवारी. गाणारे पिढ्यान्‌पिढ्यांचे ख्रिस्ती आहेत. गळाला लावलेले आमिष कोळी स्वतः शंभर वर्षे खात बसत नाही.

शिवाय टिळकांचे शेवटचे पर्व पाहा. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला असताना ‘देवाचा दरबार’ उभा केला. येशूला गुरू मानणाऱ्या सगळ्यांचा तो मेळा होता: बाप्तिस्मा घेतलेल्यांचा आणि न घेतलेल्यांचाही. संख्या वाढवण्याची युक्ती करणारा माणूस बाप्तिस्म्याची अट शिथिल करील का? मिशनऱ्यांना यातून अवघडल्यासारखे झाले आणि ते स्वाभाविक होते. 1919 च्या मे महिन्यात टिळक गेले, दरबार फार काळ चालला नाही. पण हा प्रयोग धर्मांतराच्या कारस्थानाच्या सिद्धान्तात कुठेच बसत नाही, म्हणून त्याचा उल्लेखही होत नाही. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असे ते सांगत, आणि पुलावरून आल्यावर त्यांनी पूल मोडला नाही.

आता तिसरी हरकत. ती वरच्या दोघांपैकी कोणीच घेत नाही, आणि माझ्या मते ती सर्वात वजनदार आहे. 1981 मध्ये बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मळ या मराठी ख्रिस्ती धर्मपंडिताने व्याख्यान दिले, ज्यातून पुढे दलित ईशज्ञान उभे राहिले. त्यांचे म्हणणे असे की भारतीय ख्रिस्ती विचार ब्राह्मणी परंपरेशी बोलण्यातच गुंतला. संस्कृत, वेदान्त, भक्तिकाव्य हे सगळे वरच्या जातींतून आलेल्या थोड्यांचे, आणि चर्चमध्ये बहुसंख्य ते ज्यांना त्या देवळाच्या पायरीवरही उभे राहू दिले नाही. नगर जिल्ह्यातल्या मंडळ्या मुख्यतः महार आणि मांग समाजांतून उभ्या राहिल्या. त्यांच्या पणजोबांनी कीर्तन ऐकले असेल तर ते वेशीबाहेरून. त्यांना तुम्ही सांगणार की ही तुमची संस्कृती, हिच्यातच देवाला गा?

याला माझे पूर्ण उत्तर नाही, निम्मे आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल मूर्तीला वाहिलेल्या मांसाबद्दल म्हणतो की मूर्ती काहीच नाही, मांस खाल्ले तर बिघडत नाही, पण ज्याच्या मनाला त्याची जुनी जखम आहे त्याच्यापुढे ते खाऊ नका. एखाद्या मंडळीतल्या माणसाला मृदंगाच्या ठेक्यात देवळाचे बंद दार ऐकू येत असेल, तर तिथे मृदंग न वाजवणे हे प्रेम आहे. हा निर्णय त्याचा. पुण्यात बसून लेख लिहिणाऱ्याचा नाही.

पण अभंग ब्राह्मणांचा आहे, हे मात्र मी मान्य करणार नाही. चोखामेळा, सोयराबाई, निर्मळा, कर्ममेळा हे एकाच महार कुटुंबातले संतकवी. दाराबाहेर उभे राहून दाराच्या आतल्या देवाला जाब विचारणे हे अभंगाने त्यांच्या तोंडून केले. कर्ममेळ्याचा राग तर इतका उघडा आहे की भक्तीची गोड चित्रे काढणाऱ्यांना तो कुठे ठेवावा हे कळत नाही. भक्तिपरंपरेने जात मोडली नाही असे स्पष्ट बजावणाऱ्या बाबासाहेब आंबेडकरांनीही अस्पृश्यांच्या उगमावरचे आपले 1948 चे पुस्तक नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना अर्पण केले. म्हणजे या परंपरेत दलितांची ठेव आहे, आणि ती ठेव ब्राह्मणांच्या हवाली करून चर्चने परदेशी चालींकडे जाणे यात मुक्ती आहे असे मला वाटत नाही. अरविंद निर्मळांच्या टीकेचे खरे काम दुसरे आहे. कीर्तनात कोणाचे आख्यान लावायचे, हा प्रश्न तिने विचारला. आपल्या कीर्तनात उधळ्या पुत्राचे आख्यान लागते, शोमरोनी स्त्रीचे क्वचित, आणि नाबोथाच्या द्राक्षमळ्याचे, जिथे राजा प्रजाजनाची जमीन खातो, जवळजवळ कधीच नाही. मृदंग हवा की नको यापेक्षा हे भांडण मोठे आहे.

राहिला आजचा गिटार-ड्रम-की-बोर्डचा ताफा. त्याबद्दल फार बोलायचे नाही. तरुण मुलांनी गिटार वाजवावी. पेटी इथे रुळली तशी तीही रुळेल. हरकत एवढीच की इंग्रजी आणि हिंदी गीतांची घाईची मराठी रूपांतरे, ज्यांत मात्रा चालीबाहेर सांडतात आणि ‘तू महान, तू महान’ याखेरीज हाती काही लागत नाही, ती आत्म्याची म्हणून मिरवतात, आणि टिळकांची गीते जुनाट म्हणून बाजूला पडतात. आत्म्याने भरलेली उपासना परदेशातून आली असे मानणाऱ्यांना केडगाव आठवत नाही याचे मला नवल वाटते. 1905 च्या जूनमध्ये पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्तिसदनात जे संजीवन झाले, ते लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरच्या प्रसिद्ध संजीवनाच्या आधीचे आहे. ते पुणे जिल्ह्यातले होते आणि त्यात दुष्काळातून वाचवलेल्या मुली आणि विधवा होत्या.

रमाबाईंचे नाव शुद्धतावादी हमखास घेतात, कारण देवळातल्या धर्मावर त्यांच्याइतकी धारदार टीका करणारे मराठी ख्रिस्ती कोणी झाले नाही. त्यांच्याच बाबतीतली ही गोष्ट आहे. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्यावर तिथल्या मठातल्या भगिनींनी त्यांना लॅटिन अक्षरांचा क्रूस देऊ केला. लॅटिन का, असा त्यांचा प्रश्न होता. क्रूस घालायचाच तर त्यावर संस्कृत असावे, असे त्यांनी कळवले; संस्कृत देवभाषा म्हणून नव्हे, आपल्या देशाची सर्वात जुनी आणि सुंदर भाषा म्हणून. त्या भगिनींपैकी सिस्टर जेराल्डीनना हे अहंकाराचे वाटले. पण गोष्ट इथे संपत नाही, आणि ती माझ्या बाजूलाही पूर्ण झुकत नाही. पुढे रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळे बायबल मराठीत आणले, मुक्तिसदनाच्या छापखान्यात तिथल्याच बायकांनी ते जुळवले, आणि त्यांच्या मृत्यूनंतर 1924 मध्ये ते बाहेर आले. या भाषांतरात त्यांनी संस्कृतप्रचुर, वेदान्ताचा आणि पुरोहितांचा वास असलेले शब्द हेतुपुरस्सर टाळले. कमी शिकलेल्या बाईला कळावे आणि तिच्या डोक्यात जुना देव परत येऊ नये, ही काळजी त्यामागे होती. टिळक त्याच काळात अभंग रचत होते, जुने शब्द तसेच ठेवून, त्यांत नवा देव भरत. दोघांचे एकमेकांना पटले नसते. रमाबाईंचे भाषांतर आज कोणी फारसे वाचत नाही आणि टिळकांची गीते बाकावर आहेत, एवढ्याने वाद टिळकांच्या बाजूने सुटला असेही नाही. मंडळीच्या कमिटीत वाद घालायचाच असेल तर हा घालावा, आणि त्यासाठी आधी ‘पाश्चात्त्य विरुद्ध मूर्तिपूजक’ हा विषय कार्यपत्रिकेवरून काढावा लागेल.